एका फळीवरची बाळंतीण

तर त्या डब्याचं काल अर्धवटच राहिलं. नवी नवरी गाडीतून उतरतेय, अंगावर भरजरी कपडे, रडून रडून डोळे सुजलेले आणि पोटाशी धरलेला झाकणाचा हा एवढा थोरला स्टीलचा डबा. उतरवून घ्यायला दहा हात पुढे आले, पण ती डबा कुणाच्या हाती देईना. बायकांत कुजबुज सुरू झाली. एक म्हणाली, दागिने असतील. दुसरी म्हणाली, दागिने कुणी डब्यात आणतं का, माहेरचा खाऊ असेल. सासूबाईंना कुजबुज कधीच सोसत नसे. त्यांनी दारातच झाकण उघडलं. आत पाणी, पाण्यात पिवळेधमक मासे, आणि सगळेच्या सगळे वर तोंड करून सासूबाईंकडे बघताहेत!

नवरीला वाटलं, आता याच गाडीने परत जावं लागतंय. सासूबाईंनी झाकण परत लावलं. त्या झाकणाला मुलीच्या बापाने खिळ्याने ठोकून ठोकून भोकं पाडली होती, तीही त्यांनी बोट फिरवून पाहिली. मग विचारलं, "हे जेवतात काय?"

त्या एका प्रश्नावर सासू-सुनेचा पुढचा सगळा संसार उभा राहिला.

ती नवरी म्हणजेच आपली टाचणीताई. हे नाव काही तिला आई-बापांनी ठेवलेलं नाही. बायकांचे कपडे शिवायचं तिचं काम, आणि कापडावर माप धरताना ओठांत टाचण्यांची ओळच्या ओळ. गिऱ्हाइकाशी बोलायचं ते नाकातून. "हं" म्हणजे हात वर करा, "ऊं" म्हणजे वळा, आणि "ऊंऽऽहूं" म्हणजे पोट आत घेऊन फसवू नका, उद्या श्वास घ्यायचाय या कपड्यात. नवीन गिऱ्हाईक गोंधळायचं, पण जुन्या बायकांना ही भाषा तोंडपाठ होती. सासूबाई रोज एकदा तरी बजावायच्या, "अगं, गिळशील एखादी!" त्यावर ती नाकातूनच म्हणायची, "हंहं." म्हणजे, अजून तरी गिळलेली नाही.

आता हे मासे साधेसुधे नव्हेत, हे सांगायला हवं. सिक्लिड म्हणतात यांना. यांच्यातली आई दगडावर अंडी घालते आणि लगेच वळून एक-एक उचलून तोंडात ठेवते. तेव्हापासून तोंड बंद. खाणं नाही, पिणं नाही, भांडण नाही. वीसेक दिवस हनुवटीखाली पिशवी फुगलेली, पोट खपाटीला गेलेलं, आणि मधूनच जबडा हळू हलतो. बघणाऱ्याला वाटतं काही चघळतेय, पण ती अंडी फिरवत असते, सगळ्यांना ताजं पाणी लागावं म्हणून. तोंडातच अंडी फुटतात, तोंडातच पिल्लं वाढतात, आणि आईने तोंड उघडलं की तांदळाच्या दाण्याएवढी तयार पिल्लं पोहत बाहेर येतात. वर कुठे खुट्ट झालं की परत आत!

टाचणीताईचा बाप छत्र्या दुरुस्त करायचा. दुकानात एका बाजूला मोडक्या छत्र्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला ही टाकी. पोर लहानपणापासून त्या काचेला नाक लावून वाढली. तोंडात टाचण्या धरायची सवय तिला या माश्यांनीच लावली, असं बाप हसून सांगायचा. सासरी पाठवताना त्याच्याकडे द्यायला फार काही नव्हतं. जे सगळ्यांत आवडतं होतं, ते त्याने डब्यात घालून दिलं. आणि कानात एवढंच सांगितलं, "पहिलटकरीण गिळते कधी कधी. रागवायचं नाही तिच्यावर."

सासरी जागा म्हणजे दोन खोल्या. नवरा बस चालवणारा. माणूस मनाने लोण्यासारखा, आवाज मात्र हॉर्नशी स्पर्धा करणारा. घरातही तो "जरा पाणी दे गं" असं म्हणायचा ते मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल अशा बेताने. बायकोच्या या दोन हौशी, शिवण आणि मासे, त्याला फार कौतुकाच्या. म्हणून त्याने स्वतःच्या हाताने खिडकीखाली या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एकच लांबलचक फळी ठोकली. जाड, गुळगुळीत, कडेला गोलाई दिलेली. एका टोकाला शिलाईचं मशीन, दुसऱ्या टोकाला टाकी. "शिवता शिवता मान वळवलीस की मासे!" असं म्हणून त्याने फळीवर अशी थाप मारली, जशी काही नव्या बसच्या बॉनेटवर मारतोय.

त्या फळीवर पुष्कळ वर्षं गेली. मशीन आधी पायाचं होतं तोवर पिढ्यामागून पिढ्या निघाल्या. स्पंजच्या फिल्टरचे बुडबुडे, मिठाच्या पाण्यात बाटलीत उबवलेली कोळंबीची धुळीएवढी पिल्लं, ती ड्रॉपरने माश्यांच्या पोरांना भरवायची, पाणी बदलायचं, कडेला शिंपल्यांचा चुरा टाकायचा. हे सगळं टाचणीताई काज करता करता उरकायची. गावभर लोकांनी तिची पिल्लं नेली. बाजारातल्या मासेवाल्या काकांच्या दुकानातल्या पिवळ्या माश्यांचे पणजोबा-पणजी तिच्याच डब्यातून आलेले.

पुढे काम वाढलं, तसं मशीनला मोटर आली. आणि त्यानंतर काय झालं कोण जाणे, आया गिळायला लागल्या.

अंडी व्हायची सुट्टीच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी हनुवटी छान फुगलेली, घरात आनंद. संध्याकाळपर्यंत हनुवटी सपाट आणि बाई दाणे मागायला हजर! पहिलटकरीण असेल म्हणून एकीला सोडलं, दुसरीला सोडलं. मग तिसरी, चौथी, सगळ्याच. टाचणीताई घाबरली. ती पहिल्याच दिवशी मादीला ओल्या हातात धरून, हाडाच्या बोथट सुईने ओठ हलकेच उघडून अंडी काढून घ्यायला लागली, आणि बाटलीत हवेच्या बुडबुड्यांवर फिरवत ठेवायला लागली. हात तिचा इतका हलका, की मासळीला कळायच्या आत काम झालेलं असे. पण बाटली म्हणजे काही आई नव्हे. कधी निम्मी निघाली, कधी मूठभर, आणि शेवटच्या खेपेला सगळीच्या सगळी बुरशी लागून कापसासारखी पांढरी पडली.

मासेवाले काका म्हणाले, "तुझा वाणच बिघडला, ताई. आईपण विसरलेत तुझे मासे. माझ्याकडून नवी जोडी ने, ही सोडून दे."

काकांचं दुकान म्हणजे, सांगायलाच हवं, टाक्यांवर टाक्या आणि सगळ्यांत वरच्या टाकीच्या झाकणावर रेडिओ. सकाळी शटर वर जाताना लागायचा तो शटर खाली येईपर्यंत. गिऱ्हाइकाशी बोलताना काका रेडिओवर ओरडायचे, आणि रेडिओ काकांवर.

टाचणीताईने नवी जोडी नेली नाही. पण काकांचं बोलणं मनाला लागलं. कारण एव्हाना जुनी होती ती म्हातारी होऊन गेली, दिलेल्यांची काकांच्या टाकीत दुसऱ्यांशी सरमिसळ झाली, आणि डब्यातून आलेल्या त्या रक्ताची एकच मादी उरली. एक ती आणि एक नर. बापही मागच्या वर्षी गेला होता. त्याचं दुकान गेलं, छत्र्या गेल्या. पोटच्या पोरीशिवाय त्याचं या जगात काही उरलं असेल तर ते या टाकीत पोहत होतं.

अशात एका सुट्टीच्या दिवशी त्या मादीने दगड साफ केला, अंडी घातली, आणि नराच्या परावरचे अंड्यांसारखे ठिपके टिपत टिपत सगळी अंडी तोंडात भरून घेतली. टाचणीताईने कोपरापर्यंत हात धुतले, हाडाची सुई काढली, बाटली मांडली. काढावी की ठेवावी? काढली तर पुन्हा बुरशी. ठेवली तर उद्या संध्याकाळी पोटात. ती टाकीसमोर नुसती उभी राहिली.

सासूबाई पलंगावर बसून सगळं बघत होत्या. एव्हाना त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून त्या डोळ्यांनी दुप्पट काम करायच्या. त्या म्हणाल्या, "तुझं ते मशीन सुरू कर बघू जरा."

"आई, आज सुट्टी आहे."

"शिवायला नाही सांगत. नुसतं सुरू कर. आणि लगेच बंद कर."

टाचणीताईने मोटरच्या पेडलवर पाय ठेवला आणि उचलला. सासूबाईंनी बोट दाखवलं ते मशीनकडे नव्हे, टाकीकडेही नव्हे, तर फळीच्या मधोमध ठेवलेल्या आपल्या औषधाच्या ग्लासाकडे. ग्लासातल्या पाण्यावर गोल गोल वलयं उठलेली.

"रोज बघते मी हे," सासूबाई म्हणाल्या. "मला ऐकू येत नाही, पण माझं पाणी थरथरतं, त्यावरून मला कळतं तू कामाला बसलीस. माझा ग्लास एवढा नाचतो, तर ती आत बसलेली पोरीबाळींची आई काय करत असेल? भूकंपात कुणी तोंड बंद ठेवेल का?"

टाचणीताईने बोटांवर दिवस मोजले. अंडी होतात सुट्टीला. गिळली जातात कामाच्या दिवशी. एवढी वर्षं समोर होतं! वाण नव्हता बिघडला. मोटर आल्यापासून बिघडली होती ती फळी.

आता फळीचं नाव घ्यायचं म्हणजे नवऱ्याच्या काळजाला हात. तो आला, ऐकून घेतलं, फळीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाला, "मधोमध कापतो. करवत आणतो."

"अहो, करवत चालवाल त्याने ती आजच गिळेल!"

"मग टाकी उचलू?"

"हलवली तर तोंडातलं सांडेल."

"मग करायचं काय?" हे त्याने बसमधल्या आवाजात विचारलं, आणि दोघी बायका एकदम "शूऽऽ!" करून त्याच्या अंगावर धावून गेल्या.

शेवटी बाळंतीण जागेवरच राहिली आणि घर हललं. सगळ्यांत आधी नर हलला. तो तिच्या मागे मागे लागत होता, त्याला अलगद मगात धरून न्हाणीघरातल्या बादलीत ठेवला, हवेचा पंप जोडून. सासूबाई म्हणाल्या, "हे बरं झालं. बाळंतपणात नवऱ्याचं काय काम?" मग मशीन हललं. नवऱ्याने आणि शेजारच्या सुताराने ते उचलून बाहेर जिन्याच्या चौकात नेलं. वायर दाराखालून बाहेर काढली. टाचणीताई जिन्यात शिवायला बसली.

जिन्यात बसून शिवणं म्हणजे सगळ्या इमारतीचा रस्ता अडवून बसणं. वरच्या मजल्यावरच्यांना खाली जायचं तर कापड उचलायचं, खालच्यांना वर जायचं तर गुडघे आवरायचे. वारा सुटला की अस्तर उडून दोन मजले खाली. माप द्यायला आलेल्या बायकांना येणारा-जाणारा सल्ला देऊन जायचा, "बाही जरा लांब घ्या." एक बाई फणकाऱ्याने म्हणाली, "काय टाचणीताई, घरातून काढलं की काय तुला?" टाचणीताई नाकातून म्हणाली, "हं." म्हणजे, हो.

"कुणी? सासूने?"

"ऊंहूं." तिने टाचण्या हातात घेतल्या. "मासळीने."

घरात तर सगळे चोरासारखे वावरायला लागले. भांडी कापडावर ठेवायची. दार लोटायचं नाही, हाताने धरून टेकवायचं. नवऱ्याची तर पार पंचाईत. तो दारात बूट काढायचा आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजत विचारायचा, "आहेत का अजून?" ते कुजबुजणंसुद्धा पुढच्या गल्लीत ऐकू जायचं, पण प्रयत्न होता. बसमध्ये मात्र त्याने कसर भरून काढली. थांब्याथांब्यावर सांगत सुटला, "आमच्याकडे बाळंतीण आहे. अजून टिकलीय!" लोकांनी अभिनंदन करायला सुरुवात केली, मुलगा की मुलगी विचारायला लागले.

आणि ती टिकली. मशीनच्या पहिल्या दिवशी टिकली, दुसऱ्या दिवशी टिकली. आठवडा गेला. हनुवटी ताणून पातळ झाली, आणि उजेड पलीकडून आला की आत काळे ठिपके दिसायला लागले. डोळे! टाचणीताई कामातून उठून यायची, दुरूनच बघायची आणि मागच्या पावली परत जायची. दाणे मागायला ती मासळी एकदाही वर आली नाही. अंगाची काडी झाली, पण जबडा हलायचा तो तसाच, संथ.

मग एके दुपारी मासेवाले काका आले. त्यांच्या बायकोचे कपडे शिवून झाले होते, ते न्यायचे होते. बसची बडबड त्यांच्याही कानावर गेली होती. टाचणीताई नेमकी तेव्हा आत खोलीत सासूबाईंच्याच कपड्याला टाचण्या लावत होती, ओठांत टाचण्यांची ओळ. काका थेट आत आले आणि म्हणाले, "कुठाय ती चमत्कारी बाई?" आणि दुकानातल्या सवयीने त्यांनी बोटाच्या पेराने काचेवर ठकठक केलं.

"ऊंऽऽऽ!" टाचणीताई ओरडली. पण टाचण्यांतून ओरडून किती ओरडणार!

मासळी उसळली. कोपऱ्यात जाऊन आदळली आणि तिचं तोंड उघडलं. पोटाशी अंड्यातला पिवळा गोळा अजून लटकलेली अर्धीकच्ची पिल्लं, आठ-दहा तरी, पाण्यात गडगडत तळाशी गेली.

काकांचं बोट काचेजवळ तसंच राहिलं. टाचणीताईचा हात मात्र आपोआप बाहीसकट वर गेला. बाटली समोर होती, जाळी समोर होती. दोन सेकंदांचं काम. पडलेली उचलायची, हिच्याही तोंडातली काढून घ्यायची, निदान जेवढी हाताला लागतील तेवढी तरी. बोटं पाण्याला टेकली.

सासूबाईंनी तिचं मनगट धरलं. म्हाताऱ्या हातात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. "थांब," त्या म्हणाल्या. "तिची आहेत ती."

"ऊं..."

"थांब म्हणते ना. तिला दिसताहेत."

टाचणीताई थांबली. आयुष्यात एवढं अवघड काम तिने केलं नव्हतं. हात रिकामे ठेवून उभं राहायचं, बापाचं शेवटचं सगळं त्या तळाशी पडलेलं असताना. मासळी कोपऱ्यात श्वास घेत राहिली. कल्ले उघडत होते, मिटत होते. वाटलं, आता उरलेलीही टाकते. वाटलं, आता गिळते. तिने तोंड मिटलं. मग तिरकी होऊन खाली आली, एका पिल्लाजवळ थांबली, आणि ओठांनी ते असं उचललं, जसं आपण झोपलेल्या मुलाच्या गालावरचं केसाचं टोक उचलतो. मग दुसरं, मग तिसरं. दगडाखाली गेलेलं एक तिने शेपूट हलवून बाहेर काढलं आणि तेही उचललं. शेवटी साऱ्या तळावरून एक फेरी मारली, काही राहिलं नाही ना म्हणून. आणि आपल्या जागी जाऊन बसली. हनुवटी पुन्हा भरलेली, जबडा पुन्हा संथ.

तेव्हा कुठे टाचणीताईला कळलं, की आपण ओठ एवढे आवळलेत की ते बधिर झालेत. तिने एक-एक करून टाचण्या तळहातावर घेतल्या. सगळ्या होत्या. सासूबाईंनी मोजल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "तूही नाही गिळलीस. दोघीही एकाच बापाच्या."

पुढे फार दिवस लागले नाहीत. एका सकाळी नवरा बूट घालत होता आणि एकदम थबकला. टाकीच्या पुढच्या काचेजवळ ती मासळी उभी, तोंड किंचित उघडं, आणि त्या तोंडातून एक डोकं बाहेर बघतंय. मग दुसरं. मग भसकन सगळी! पिवळट, इवली, प्रत्येकाला नीट शेपूट, नीट पर, आणि पाण्यात आल्या आल्या इकडे तिकडे काय आहे ते बघायची घाई. नवऱ्याचं कुजबुजायचं व्रत तिथेच मोडलं. तो असा ओरडला, की सगळी पिल्लं भर्रकन परत आईच्या तोंडात! मग सासूबाईंनी त्याला जे झापलं ते इथे सांगण्यासारखं नाही. पण त्या झापता झापता हसत होत्या, आणि पदराने डोळे पुसत होत्या.

त्या दिवशी बस थोडी उशिरा सुटली, एवढं मात्र खरं.

नर न्हाणीघरातून स्वतःच्या नव्या टाकीत गेला. मशीनला जिन्यातून घरात आणलं ते फळीवर नाही, त्याच्या स्वतंत्र टेबलावर, खाली रबराचे जाड तुकडे लावून. फळी कापली नाही. ती आता सगळी टाकीची झाली, आणि तिच्यावर थाप मारायला नवऱ्याला सक्त मनाई. आणि पिल्लं वाढली. त्यांतल्या मुली वयात आल्या, त्यांच्या हनुवट्या भरल्या, आणि पहिलटकरणी असूनही त्यांतल्या कितीतरी जणींनी शेवटपर्यंत जपलं. टाचणीताई आल्यागेल्याला टाकीसमोर उभं करून दाखवायची. बोलायची काही नाही, ओठांत टाचण्या असायच्या. नुसती मान अशी ताठ करायची, की बघणाऱ्याला कळावं, आता कौतुक करायचं आहे.

मासेवाले काका पुन्हा आले. या खेपेला हात खिशात घालून आले, आणि दाराशीच थांबून विचारलं, "येऊ का आत?" मुलींकडे बराच वेळ बघत राहिले. मग खाकरून म्हणाले, "ताई, माझंच चुकलं. वाण एकदम खणखणीत आहे. माझ्या दुकानासाठी यांतली एक मुलगी देशील का?"

टाचणीताईने ओठांतल्या टाचण्या एक-एक करून उशीत टोचल्या, सगळ्या, शेवटची सुद्धा. मग म्हणाली:

"देईन की, काका. पण मुलगी द्यायची म्हणजे आधी घर बघायला येईन मी. आणि तो रेडिओ टाकीवरून खाली उतरलेला दिसला, तरच पुढचं बोलू."